सासूबाईंचा अंगठा

३ ऑक्टोबर

आज लेथ आला. टेम्पोवाला आणि मी, दोघांनी मिळून तो मागच्या सामानाच्या खोलीत नेला. माझी कंबर आणि दाराची चौकट, दोन्ही थोडक्यात वाचल्या. लेथ जुना आहे, पण धडधाकट आहे. ज्या कातारीकाकांकडून घेतला, ते आता लेकीकडे राहायला जाणार आहेत. पटाश्या त्यांनी कापडात गुंडाळून दिल्या आणि म्हणाले, "लाकडाशी भांडायचं नाही. धार लावायची, भांडण आपोआप मिटतं." मी मान हलवली. निवृत्त झाल्यापासून मी सगळ्यांपुढेच मान हलवतो.

बायको दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "चला, आता माझ्या डब्यांना तरी शांतता मिळेल." गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमे लावले होते. त्यानंतर तिला मीठ काही सापडेना. तिने तो विषय अजून सोडलेला नाही.

सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होत्या. एवढं धूड त्यांच्या नाकासमोरून गेलं, तरी विचारतात, "काय आलं?"

"लेथ, आई. लाकूड कातायचं यंत्र."

"आवाज करतं का?"

"करतं थोडा."

"मग कळेलच," म्हणाल्या आणि रेडिओचा कान पिळला.

बेत असा आहे. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळे आमच्याकडे जमतात: मुलगा-सून, मेहुणी, साडू आणि त्यांच्या दोघी मुली. दरवर्षी मी सगळ्यांना मोजे देतो. यंदा प्रत्येकाला ज्याच्या-त्याच्यासारखी एक लाकडी बाहुली द्यायची. मुठीत मावेल एवढीच, नाकडोळे नसलेली, नुसत्या घडणीवरून ओळखू येईल अशी. जमेल का? नोकरीत घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यापलीकडे या हातांनी आजवर फारसं काही केलेलं नाही.

८ ऑक्टोबर

माणूस करायला घेतला, लाटणं झालं. बायकोने ते धुऊन वापरायलाही काढलं. चांगलं आहे म्हणते.

१४ ऑक्टोबर

आज सासूबाई खोलीत आल्या. भिंतीवरून हात फिरवत फिरवत आल्या. धूळ किती आहे ते तपासत असाव्यात. दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बसायला काही आहे का?" मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या आणि बसूनच राहिल्या.

खरं सांगायचं तर मी जरा धास्तावलो. त्या आमच्याकडे राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण आम्हा दोघांचं बोलणं म्हणजे "चहा झाला का" आणि "पाऊस आहे का". बायको इस्पितळात मुख्य परिचारिका आहे, सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. मी नोकरीत होतो तोवर दिवसभर घरी नसायचो, त्यामुळे सासू-जावई एकमेकांच्या वाटेला गेलेच नाहीत. आता दिवसभर समोरासमोर, आणि बोलायचं काय हा प्रश्न.

मी एक ठोकळा कातून बऱ्यापैकी गोल केला होता. त्यांनी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर.

"इथे खाच आहे."

मी चष्मा लावून खिडकीपाशी नेला. काही नाही. मग नख फिरवलं. होती. केसाएवढी, पण होती.

खोट काढायचीच म्हटली की कुठेही सापडते. तरी ठोकळा पुन्हा लेथवर चढवला.

२१ ऑक्टोबर

बायकोला एक मोठी संधी आली आहे. दुसऱ्या शहरात चार महिन्यांचं शिक्षण, नवजात बाळांच्या शुश्रूषेचं. परत आल्यावर ती इथे तो विभाग उभा करणार. किती वर्षं ती याची वाट बघते आहे, ते मला ठाऊक आहे. जानेवारीच्या मध्यावर निघायचं. होकार नोव्हेंबरच्या अखेरीस कळवायचा.

मी म्हटलं, "कळवून टाक की. त्यात काय विचार करायचा?"

"बघू," म्हणाली.

"इकडची काळजी नको. मी घरातच आहे."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "हो, घरातच आहात," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

तिला माझ्या स्वयंपाकाची धास्ती आहे, दुसरं काय. उद्यापासून रोज एक वेळचा स्वयंपाक मी करणार.

२२ ऑक्टोबर

भात करपला. भांडं भिजत घातलं आहे.

२ नोव्हेंबर

सासूबाईंचं काही कळत नाही. रोज सकाळी त्या पेपर उघडून बसतात. आज म्हणाल्या, "नदीवरचा पूल दुरुस्तीला बंद ठेवणार आहेत." मी नंतर पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. पुलाचं नाव नाही. तसं सांगितलं तर म्हणतात, "तुमच्या पेपरात नसेल." घरात पेपर एकच येतो.

दुसरं म्हणजे चहा. आज त्यांनीच गाळला आणि ओतताना सरळ कपात बोट धरलं. बोटाला चहा लागल्यावर ओतायच्या थांबल्या. हात धुतल्याशिवाय ताटाला शिवू न देणाऱ्या बाई या. तो कप मीच घेतला. वय झालं की माणूस सैल होतो म्हणतात, तसं असेल.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्यासारखा गेला.

पटाशीला धार लावण्याचं तंत्र एकदाचं हाती आलं. साल कशी लांबच लांब निघते, कागदाच्या पट्टीसारखी, आणि वास येतो ओल्या लाकडाचा. खांदे दुखतात, पण रात्री झोप छान लागते.

एक बाहुली पुरी झाली. सासूबाईंनी अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाल्या, "मान ताठ. ही तुमची सून."

मला इतका आनंद झाला की मी लेथ बंद करायचा विसरलो. ती सूनच होती. मग दुसरी दिली. त्यांचा अंगठा मध्यावर आला, तिथे रेंगाळला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "हे पोट आमच्या धाकट्या जावयाचं. अहो, इतकं दाखवू नका. वाईट वाटेल त्याला."

"खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच म्हणते."

पोट थोडं कमी केलं. साडूवर एवढे उपकार पुरेत. दुपारभर आम्ही दोघं घरातल्या एकेकाच्या घडणीबद्दल बोलत होतो. कोण पोक काढून चालतं, कोण छाती काढून. त्यांना सगळ्यांची शरीरं तोंडपाठ आहेत. मी म्हटलं, "आई, तुम्ही बारकाईने बघता हो." त्यावर त्या गप्प झाल्या. कौतुक त्यांना मानवत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

१६ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण दिवसभर डोक्यात तेच आहे.

भुसा झाडायला म्हणून मी स्टूल नेहमीच्या जागेवरून उचलून दारापाशी ठेवलं होतं. सासूबाई नेहमीसारख्या भिंतीला धरून आल्या आणि स्टुलाला अडखळून पडल्या. नडगी सोलवटली. बाकी काही मोडलं नाही, नशीब. मी त्यांना उठवून बसवलं, पाणी दिलं, नडगी पुसली. आणि घाबरलो होतो म्हणून असेल, जरा रागावूनच बोललो, "एवढं मोठं स्टूल दिसलं नाही का तुम्हाला?"

त्यांनी साडी नडगीवर ओढून घेतली. मग अगदी हळू म्हणाल्या, "नाही दिसलं."

मी हातात ओलं फडकं घेऊन तसाच बसलो. भिंतीवरचा हात. कपातलं बोट. पेपर आणि रेडिओ. सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी धूळ, स्वच्छता आणि हट्ट यांच्या गोष्टी करत होतो.

"केव्हापासून?"

"झाले बरेच दिवस. आधी धुरकट दिसायचं. आता तुम्ही म्हणजे एक उभी सावली आहात. आवाजावरून ओळखते."

"आणि लेकीला सांगितलं नाहीत?"

त्यांनी माझं मनगट पकडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सांगायचं नाही. तिला कळलं की ती जाणार नाही. मला ओळखता तसं तिलाही ओळखता ना? ठाण मांडून बसेल इथे. एकदा ती गेली की मग काय व्हायचं ते होऊ दे."

"पण डोळ्यांना दाखवायचं तरी."

"दाखवलं की चिरतात. आमच्या शेजारणीने चिरून घेतला होता. होतं नव्हतं तेही गेलं." मग म्हणाल्या, "शब्द द्या."

मी दिला. द्यायला नको होता.

१८ नोव्हेंबर

बायकोने जेवताना सहज विचारलं, "आईच्या नडगीला काय लागलं?"

"स्टूल लागलं."

"बाकी बरी आहे ना?"

"बरी आहे."

मला खोटं बोलता येत नाही असा माझा समज होता. आज बेमालूम जमलं आणि भूकच मेली. ती फक्त भात चांगला झालाय म्हणाली, आणि तो तर कच्चा होता.

दुपारी दोन बाहुल्या बिघडवल्या. मन लागत नाही. शब्द पाळावा तर म्हातारी आंधळी होते. मोडावा तर बायकोची संधी जाते, आणि ज्यांनी आत्ता कुठे माझ्याशी बोलायला सुरुवात केली त्याही तोंड फिरवतात.

२० नोव्हेंबर

सकाळी सासूबाई येऊन बसल्या. मी लेथ सुरू केला नाही.

"काय झालं? वीज गेली का?"

"नाही. तुम्ही डोळे दाखवून येईपर्यंत लेथ बंद. मी शब्द मोडत नाही, लेकीला सांगत नाही. तिच्या इस्पितळात जायचंच नाही. बाजाराच्या मागे एक डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे जाऊ. तुम्ही आणि मी."

"ही जबरदस्ती झाली."

"हो, झाली."

"पोरांच्या भेटी अर्धवट राहतील."

"राहू देत. मोजे आहेत."

त्या हातातला एक ओबडधोबड तुकडा फिरवत राहिल्या. मग उठल्या. "चपला कुठे आहेत माझ्या?"

रस्त्याने त्यांनी माझं कोपर धरलं होतं. मला तोवर कल्पना नव्हती की आपल्या रस्त्याला इतके चढउतार आहेत. प्रत्येक पायरी आधी सांगायची, प्रत्येक सायकल. इतकी वर्षं याच रस्त्यावरची घरं मी हिंडलो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे आजी, दोन्हीकडे. चांगलाच पिकलाय. आधी एक डोळा करू, मग दुसरा."

सासूबाईंनी विचारलं, "तुमच्या हातून कोणाचा बिघडलाय का?"

मला वाटलं, आता डॉक्टरीणबाई चिडणार. त्या चिडल्या नाहीत. "क्वचित बिघडतो," म्हणाल्या. "हो, माझ्याही हातून. पण नाही केलं तर तुमचा बिघडणार हे नक्की आहे. केलं तर बहुतेक सुधारेल."

बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाई खोटं बोलत नाही." पुढे कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, "लेकीला तुम्हीच सांगा. तिने रडायला सुरुवात केली तर मला समजावता येणार नाही."

२१ नोव्हेंबर

सांगितलं.

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं: पडणं, शब्द, दवाखाना, मोतीबिंदू. ती रडली नाही. घड्या घालायचीही थांबली नाही.

"मला माहीत आहे," म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आईचे डोळे. उन्हाळ्यापासून. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी तिने मला पेपर वाचून दाखवला, खणखणीत. पेपर उलटा धरला होता." तिला हसू आवरेना, आणि मग आवाज जरा ओला झाला. "माझ्यासमोर ती कबूल होणार नव्हती. आईच ती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. "सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं सगळं. औषधं वेळेवर दिली असतीत, तक्ता करून भिंतीवर लावला असतात. पण मी चार महिने नसणार. उद्या वेगळंच काही झालं तर तुम्हाला कोण सांगणार होतं? घरात असणारं माणूस होतंच. मला बघणारं माणूस हवं होतं."

मी तिच्या मांडीवरचा टॉवेल उचलून त्याची घडी घालायला लागलो.

"जन्मभर लोकांच्या घरात शिरलात," ती म्हणाली, पण तिने हे मऊपणे म्हटलं, "आणि मीटर बघून बाहेर आलात."

लागलं मला. खूप लागलं. मागच्या खोलीत जाऊन उगाच पटाश्यांना धार लावत बसलो. पण खोटं काय होतं त्यात? आणि आणखी एक लिहितो, कारण इथे लपवायचं कशाला. तिने माझी वाट पाहिली. दुसरी असती तर आशा सोडून बहिणीला बोलावून घेतलं असतं.

२४ नोव्हेंबर

बायकोने होकार कळवला. संध्याकाळी तिघांनी चहा घेतला. मी ओतला. सासूबाई म्हणाल्या, "कप काठोकाठ नको." मी बघून ओतला.

४ डिसेंबर

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या आत असताना बायको आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. रोज दुसऱ्यांच्या नातेवाइकांना धीर देणारी बाई, आज स्वतःची बोटं मोडत होती. मला हात रिकामे ठेवणं जमेना म्हणून खिशातून एक अर्धी बाहुली आणि काचकागद काढून घासत बसलो. तिथल्या परिचारिकेने फरशीवरचा भुसा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता झाडू आणून दिला. बायको इतकी हसली की शेजारचे लोक बघायला लागले. मी झाडून घेतलं.

सगळं नीट झालं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उद्या पट्टी निघेल.

५ डिसेंबर

पट्टी काढली. सासूबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिच्या कानामागे हात नेऊन म्हणाल्या, "केस पिकले गं तुझे." तेव्हा मात्र दोघी रडल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही होतात तसेच आहात," म्हणाल्या. ही स्तुती की कसं, ते विचारलं नाही.

११ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना भुशात बसायला बंदी केली आहे. बरोबरच आहे. पण खोली रिकामी वाटते. मी काम करताना मोठ्याने बोलतो आहे हे आज लक्षात आलं. समोर स्टुलावर कोणी नाही. झालेली बाहुली धुऊन पुसून त्यांच्या खाटेपाशी नेतो. त्या डोळे मिटतात आणि अंगठा फिरवतात.

"आता दिसतं ना? मग बघा की."

"डोळ्याला काय, काहीही चांगलं दिसतं," म्हणतात.

२७ डिसेंबर

घर भरलं आहे. बूट दारात मावत नाहीत. मेहुणीच्या दोघी मुली जमिनीवर अंथरूण घालून झोपतात आणि पहाटेपर्यंत खुसखुसतात. मुलाने दिवाणखान्यातला दिवा दुरुस्त केला, सुनेने माझा भात दोनदा वाढून घेतला. मला उगाच भरून आलं.

जेवण झाल्यावर बाहुल्या टेबलावर उभ्या केल्या. कोणाची कोणती ते सांगितलं नाही. सुनेने आपली लगेच उचलली. धाकटी भाची म्हणाली, "हे बाबा," आणि साडू म्हणाले, "माझं पोट एवढं नाहीये." त्यांनी खाली वाकून पोटाकडे पाहिलं आणि बाहुली गुपचूप खिशात घातली.

शेवटी एक उरली. रुंद, ठेंगणी, किंचित पुढे झुकलेली. सासूबाईंनी ती हातात घेतली. "ही कोण?"

"तुम्ही, आई."

"मी?" त्यांनी ती लांब धरून पाहिली, जवळ आणून पाहिली. "इतकी जाड?"

"तुम्हीच तर पास केलीत. अंगठा फिरवून म्हणालात, छान आहे, हात लावू नका."

"मला वाटलं ही माझी लेक."

सगळं घर हसलं. सगळ्यात जास्त बायको. हसता हसता तिने आईच्या पाठीत हलकेच बुक्की मारली.

१४ जानेवारी

बायको आज सकाळी गेली. गाडी सुटायच्या आधी तिने मला औषधं, वेळा, डॉक्टरीणबाईंचा फोन, काही म्हणजे काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "आईचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. फोन करा झाल्यावर." एवढंच. मी परत येताना रस्ताभर ताठ चालत आलो.

घरी आलो तर सासूबाई फुरंगटून बसलेल्या. लेकीने जाताना तिची आणि आईची, दोन्ही बाहुल्या बॅगेत घातल्या.

"माझी मला हवी होती," म्हणाल्या.

"जाड म्हणत होता ना."

"जाड असली तरी माझी होती."

"दुसरी करतो."

"या खेपेला बारीक करा."

"नाही. या खेपेला तुम्ही समोर बसा. बघून करतो."

खोली मी कालच धुऊन घेतली होती, लेथवर कापड टाकलेलं होतं. त्या आल्या, भिंतीला हात न लावता आल्या, स्टुलावर बसल्या आणि पदर सारखा केला. मी कागद-पेन्सिल घेतली. खिडकीतून ऊन त्यांच्या खांद्यावर येत होतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आहे. मान बोलताना डावीकडे कलते. हात मांडीवर असले तरी अंगठा सारखा हलत असतो.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग बघा सावकाश," म्हणाल्या. "कुठे जायचंय आपल्याला?"